केशरी पट्टी

स्लाऊ, ३० मार्च २०२५

प्रिय निधी,

सप्रेम जय भीम.

आईला फुलं मिळाली. मदर्स डेच्या कार्डावर दर वर्षी खाली 'अँड बाबा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते या वर्षी नव्हतं. तुझी आई म्हणते, आईच्या कार्डावर बापाचं नाव हवं कशाला? मग इतकी वर्षं होतं ते कशाला होतं, असं मी विचारलं, तर तिला अचानक भांडी घासायची आठवण झाली.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. म्हणून कागदावर लिहितो आहे. तिसरीपर्यंत नागपूरच्या शाळेत होतीस, तेव्हा वाचता येईल. वेळ लागेल, पण लागू दे. घाईघाईत वाचलेलं माझ्या विरोधातच जातं, असा अनुभव आहे.

आता मुद्दा. मागच्या शनिवारी तुझा येरून त्याच्या आजोबांना घेऊन आपल्याकडे पहिल्यांदा आला. येरूनला आई-वडिलांनी नाही, या खेरिट आजोबांनी वाढवलं, हे तू आम्हाला दहादा सांगितलं होतंस. 'ओपा खूश तर येरून खूश, बाबा, सो प्लीज.' सत्याऐंशी वर्षांचा माणूस हॉलंडहून समुद्र ओलांडून इंग्लंडात येतो आहे म्हटल्यावर मी त्यांच्या स्वागताला दारावर त्यांच्या देशाचा झेंडा लावला. ते पायरीपर्यंत आले. झेंड्याकडे पाहिलं, वळले आणि गाडीत जाऊन बसले. चहा नाही, पाणी नाही. तासाभराने तुम्ही तिघंही निघून गेलात आणि तुझ्या आईचा पाटोडीचा रस्सा आम्ही दोघांनी मंगळवारपर्यंत खाल्ला.

जाताना तू मला काय म्हणालीस ते तुझ्या लक्षात असेल, पण मी लिहून ठेवतो. "बाबा, तो फार-राइटवाल्यांचा फ्लॅग आहे! गूगल तरी करायचं होतं! तुम्हाला नेहमी प्रूव्ह करायचं असतं की यू नो बेटर." आणि दारातून: "ओपा वेडिंगला आले नाहीत ना, तर तुम्ही पण येऊ नका."

म्हणजे एका झेंड्यासाठी बाप कटाप.

बरं, मी काही उचलली जीभ लावली टाळ्याला असं केलं नव्हतं. जावई करायचा तर त्याचा देश वाचायला नको? लायब्ररीत काढून टाकलेल्या पुस्तकांच्या टोपलीत मला हॉलंडचा एक जाडजूड इतिहास मिळाला. दोन महिने वाचला. स्पेनच्या राजाविरुद्ध ही चिमुकली माणसं ऐंशी वर्षं लढली. त्यांचे सरदार अर्ज घेऊन गेले, तर दरबारात कोणीतरी म्हणालं, हे भिकारी कोण आले? झालं! त्यांनी भिकारी हेच आपलं नाव करून टाकलं आणि भीक मागायचा वाडगा गळ्यात अडकवून ते लढायला निघाले. शिवी उचलून छातीवर लावायची! हे वाचून मी तुझ्या आईला हाक मारली. म्हटलं, राजश्री, ही तर आपलीच माणसं निघाली.

त्या लढाईचा झेंडा केशरी, पांढरा, निळा. केशरी त्यांच्या राजपुत्राच्या घराण्याचा. लाल नंतर आला. केशरी रंग समुद्रावरच्या उन्हात टिकत नसे म्हणून लाल आला, असं काही जण म्हणतात. रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्यात माझी वीस वर्षं गेली, मला हे लगेच पटलं. तेव्हा असली झेंडा तो केशरी.

तुझी आई जयंतीसाठी विहाराचे पंचशील ध्वज शिवत होती. निळं, पिवळं, लाल, पांढरं, केशरी, सगळं कापड घरात होतं. ती म्हणाली, "अहो, टीव्हीवर त्यांचा झेंडा लाल दिसते ना, मग लाल घ्या." मी म्हटलं, लाल नंतरचा आहे, केशरी घे. तिने केशरी घेतला. आता रोज एकदा तरी ती हे मला ऐकवते.

मी माफी मागत नाही आहे. माझी चूक कुठे झाली ते दाखव, मग बघू.

तुझा,
बाबा


स्लाऊ, १६ एप्रिल २०२५

प्रिय निधी,

जय भीम.

परवा जयंती छान झाली. विहारात सगळे तुझी चौकशी करत होते. मी सांगितलं की तिला तिकडे कायम राहायचं आहे, त्यासाठी डच परीक्षा द्यायची आहे, अभ्यासात आहे. हे खोटं नव्हतं.

तुझी लिंक मिळाली. नुसती लिंक, वर ना 'डिअर बाबा', ना काही. वाचली. मग त्याखालच्या दुसऱ्या लिंका वाचल्या, मग लायब्ररीतून आणखी दोन पुस्तकं आणली.

माझं पुस्तक सोळाशे अठ्ठेचाळीसला संपत होतं, बेटा. स्पेनशी तह झाला, हॉलंड जिंकलं, पुस्तक बंद. पुस्तक संपलं तिथेच देशही संपला असं मी धरून चाललो. पुढची पावणेचारशे वर्षं या लोकांनी झेंड्याकडे नुसतं बघत काढली असतील, असं मला का वाटलं, कोण जाणे!

पुढचं हे असं आहे. बेल्जियम फुटून निघाला, तेव्हा उरलेल्यांना प्रश्न पडला की आता आपण कोण? मग ते आपापल्या कळपात शिरले. कॅथलिकांची शाळा वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी, समाजवाद्यांची वेगळी. वर्तमानपत्र वेगळं, दवाखाना वेगळा, पाव कोणाकडून घ्यायचा तेही ठरलेलं. मी तुझ्या आईला म्हटलं, हे आडनाव विचारत नसत, पण बेकरी विचारत असत. आणि मग १९३०च्या दशकात, लोक बेकार झालेले असताना, एक पक्ष निघाला. हे सगळे कळप मोडून एकच राष्ट्र करू, जुने वैभवाचे दिवस आणू, असं सांगणारा. त्या लोकांनी जुन्या पेटीतून तो केशरी झेंडा काढला. तो इतका त्यांचा झाला की शेवटी राणीला १९३७मध्ये हुकूम काढावा लागला की आपल्या झेंड्याचे रंग लाल, पांढरा, निळा आहेत. पुढे जर्मन आले तेव्हा हा पक्ष जर्मनांच्या पंगतीला बसला.

आपल्या ध्वजातला केशरी म्हणजे भिक्खूंच्या चिवराचा, प्रज्ञेचा रंग. त्यांच्या राजपुत्राचा तोच रंग लढ्याचा. आणि त्याच रंगाखाली शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना पकडून दिलं. कापडाचा काय दोष, असं मी म्हणू शकतो. पण खेरिट आजोबा कापड बघायला आले नव्हते.

त्यांचा जन्म अडतीसचा. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा सात वर्षांचे. त्या झेंडेवाल्यांनी त्यांच्या घरातलं कोणीतरी नेलं असणार. वडील, काका, कोणीतरी. आणि मी ते निशाण, घरी शिवून, इस्त्री फिरवून, त्यांच्या तोंडासमोर टांगलं.

मी चुकलो. हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.

माफी मागायची ती त्यांची मागायला हवी, आणि समोर जाऊन मागायला हवी. त्यांचा पत्ता तू देणार नाहीस, हे माहीत आहे. येरून देईल. तो मला अजून उत्तरं देतो.

बाबा


स्लाऊ, ९ मे २०२५

निधी,

४ मेला तुमच्याकडे युद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळतात, ती मी कॉम्प्युटरवर पाहिली. एवढा मोठा चौक, हजारो माणसं आणि एक शब्द नाही. मीही बैठकीत उभा राहिलो. तुझी आईपण पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. मग कुकरची शिट्टी झाली. आम्ही दोघंही हललो नाही. तुरीची डाळ लागली खाली.

येरूनने पत्ता दिला. तुमच्या डेव्हेंटर गावातच राहतात, नदीजवळ. जूनमध्ये हारविचहून बोटीने जातो आहे. तुला विचारत नाही, कळवतो आहे. तुझ्याकडे उतरणार नाही, घाबरू नकोस.

बाबा


स्लाऊ, २० जून २०२५

प्रिय निधी,

काल तू फोन केलास. तीन महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि त्यातले पहिले शब्द असे: "बाबा, तुम्ही ओपाला काय बोलला? आधी ते मेबी म्हणत होते, आता ते म्हणतात मी वेडिंगला येणारच नाही! तुमचा चूक आहे हे. तुम्ही गेलाच का?"

मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, याच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे उत्तर नाही असं आयुष्यात कधी झालं आहे का? विचार कर.

जे सांगता येईल ते सांगतो. मी पोचलो त्या दिवशी तुमच्याकडे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता. नदीकडच्या गल्लीत शिरलो, तर घराघरांवर झेंडे. म्हटलं, हे काय आता? मग नीट पाहिलं. प्रत्येक काठीच्या टोकाला, झेंड्यासोबत, शाळेचं एक दप्तर लटकवलेलं. फाटकं, शाईचे डाग पडलेलं, कुणाचं बंद तुटलेलं. पोरगं पास झालं की त्याचं दप्तर झेंड्याला बांधून बाहेर लावायचं आणि साऱ्या गल्लीला सांगायचं, ही तिथली रीत आहे. तू तिथे इतकी वर्षं राहतेस आणि मला हे कधी सांगितलं नाहीस! 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. जगात कुठेतरी लोक राष्ट्रध्वजाला दप्तर बांधतात, हे बघायला माणूस नागपूरहून चालत गेला तरी चालेल. मी रस्त्यात उभा राहून रडलो. एक बाई सायकल थांबवून विचारायला लागली, तुम्ही ठीक आहात का? म्हटलं, बाई, मी फार ठीक आहे.

खेरिटच्या घरावर झेंडा नव्हता. काठी खोचायची खोबणसुद्धा नव्हती, गल्लीत त्या एकाच घराला. (आम्ही आता एकमेकांना नावाने हाक मारतो.) येरून पास झाला त्या वर्षीही त्याचं दप्तर बाहेर लागलं नव्हतं, हे मला येरूनने स्टेशनवर सांगितलं. हसत सांगितलं. अठरा वर्षांच्या पोराला त्या दिवशी काय वाटलं असेल ते मात्र त्याच्या हसण्यात दिसत होतं. त्याला अजून वाटतं, ओपाला आपला अभिमान नव्हता.

मी खेरिटकडे बसलो होतो चार तास. आम्ही काय बोललो ते मी तुला सांगणार नाही. तसा शब्द दिला आहे. ते लग्नाला का येत नाहीत, तेही मला माहीत आहे आणि तेही सांगणार नाही. सगळा राग माझ्यावर काढ. माझी पाठ रुंद आहे, आणि तुझ्या आईने तिला सवयही लावली आहे.

एवढंच सांगतो की १६ एप्रिलच्या पत्रात मी त्यांच्याबद्दल जे अंदाज बांधले, ते साफ चुकीचे होते. मी दुसऱ्यांदा अर्धंच पुस्तक वाचून बसलो होतो.

परीक्षेचा बोलण्याचा पेपर राहिला आहे, असं आई म्हणाली. बोलण्यात नापास होणारी तू आपल्या घराण्यातली पहिलीच. पुन्हा दे.

बाबा


स्लाऊ, ३१ ऑगस्ट २०२५

निधी,

लग्नाची तारीख, १८ ऑक्टोबर, आईकडून कळली. आमंत्रणाच्या पाकिटावर फक्त तिचं नाव आहे. तिने ते पाकीट फ्रिजवर लावलं आणि म्हणाली, "मी एकटी जाणार नाही, अहो. आणि तुमच्यासाठी भांडणारही नाही." मग दोन दिवस बोललीच नाही. यात तिचं काय होतं आहे, याचा आपण दोघांनीही विचार केलेला नाही.

इथे आता आपल्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाखांबावर इंग्लंडचे झेंडे लागले आहेत, पांढऱ्यावर लाल फुली. इंग्लंडभर लागले आहेत, तू बातम्यांत पाहिलं असशील. शेजारचा कीथ शिडी घेऊन आमच्या दारासमोरच्या खांबावर लावत होता. बावीस वर्षांचा शेजार. तुझी सायकल त्यानेच दुरुस्त करून दिली होती. वरून ओरडला, "यू डोंट माइंड, डू यू, सुक?" सुखदेवचं सुक एवढंच त्याला अजून जमतं. मी म्हटलं, नाही रे. घरात आलो आणि बसून राहिलो. मी खरं बोललो का? कीथ वाईट माणूस नाही. पण शिडीवर चढण्याआधी त्याने विचारलं नाही, बांधून झाल्यावर विचारलं. आणि मी तरी मार्चमध्ये कोणाला विचारलं होतं?

तुमच्याकडचे शेतकरी मध्यंतरी झेंडा उलटा लावत होते, निळा वर. संकटात सापडलेलं जहाज तसा लावायचं म्हणे. खेरिटने सांगितलं. तो दर रविवारी फोन करतो. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच आहे, दोघंही सावकाश बोलतो आणि एकमेकांना नीट कळतं. तो म्हणतो, प्रत्येक पिढी तीच जुनी पेटी उघडते आणि आपल्याला हवा तो झेंडा काढते. मी विचारलं, तू कुठला काढशील? त्याने हवामानाचा विषय काढला.

बाबा


डेव्हेंटर, २६ सप्टेंबर २०२५

प्रिय निधी,

जय भीम.

गावाचं नाव बघून दचकली असशील. मी आणि तुझी आई कालपासून खेरिटच्या घरी आहोत. हे पत्र संध्याकाळी मी स्वतः तुमच्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही. आधी सगळं वाच, मग येरूनला सांग. मराठीतून डच करायला अडखळशील, पण परवाच तू बोलण्याचा पेपर पास झालीस ना? तेव्हा हा त्याचा पहिला खरा उपयोग समज.

खेरिटने मला दिलेल्या शब्दातून मोकळं केलं आहे. मागच्या शनिवारी हेगमध्ये बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध मोर्चा निघाला आणि दंगल झाली. तू मैत्रिणीकडे अडकून होतीस. तुझ्या आईला फोनवर म्हणालीस, "खाली जाऊ नको म्हणतात, पडदे लावून बसलोय." ते मी खेरिटला फोन करून सांगितलं. तो टीव्हीसमोरच होता. पडद्यावर ती दंगेखोर पोरं होती आणि त्यांच्यातल्या काहींच्या हातात तोच झेंडा होता, केशरी, पांढरा, निळा. मग म्हणाला, "सुखदेव, पडदे लावून कसं बसतात ते मला माहीत आहे. तिला सांग आता. मी येरूनला सांगायचा तीनदा प्रयत्न केला. माझ्या भाषेत ते माझ्या तोंडून निघत नाही. तू तुझ्या भाषेत लिही. मग ते जे विचारतील त्याची उत्तरं मी देईन."

तर लिहितो.

त्या झेंडेवाल्यांनी खेरिटच्या घरातलं कोणी नेलं नव्हतं. खेरिटचे वडीलच त्यांच्यातले होते. सायकलचं दुकान होतं. मंदीत ते बुडायला आलं, तेव्हा पक्षात शिरले. देश पुन्हा मोठा होईल असं त्यांना वाटत होतं, आणि पक्षातली माणसं सायकली त्यांच्याकडूनच घेत. यातलं आधी काय आणि नंतर काय, ते खेरिटलाही माहीत नाही. ते कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत, असं तो म्हणत नाही. माहीत नाही, असं म्हणतो.

मग एप्रिल पंचेचाळीस. कॅनडाचे रणगाडे गावात आले. पाच वर्षं दडवलेले झेंडे लोकांनी बाहेर काढले. गल्लीतल्या एकेका खिडकीत झेंडा, खाली बायका नाचताहेत, पोरं रणगाड्यावर चढताहेत. या एका घराचे पडदे लावलेले. आई-वडील मागच्या खोलीत. सात वर्षांचा खेरिट पुढच्या खोलीत पडद्याच्या फटीतून बघतो आहे. त्याला वाटलं, आपल्या घरचे झेंडा लावायला विसरले. झेंडा कुठे असतो ते त्याला माहीत होतं, कपाटात टेबलक्लॉथच्या खाली. त्याने तो काढला, माडीवर गेला, आणि खिडकीतून बाहेर सोडला.

तो केशरी होता.

खालचं गाणं थांबलं, एवढं त्याला आठवतं. सगळे वर बघायला लागले. त्याने हात हलवला. मग ते दाराशी आले. वडिलांना डोक्यावर हात ठेवायला लावून, सगळ्या गल्लीतून चालवत नेलं. दोन वर्षं कैद्यांच्या छावणीत होते. परत आले ते त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. आईही त्याला एका शब्दाने बोलली नाही. "एकदा तरी रागावली असती तर बरं झालं असतं," असं तो मला म्हणाला.

लोक वडिलांसाठी येणारच होते, झेंडा असो वा नसो. सगळ्या गावाला ते घर माहीत होतं. हे सत्याऐंशी वर्षांच्या खेरिटला कळतं. त्या सात वर्षांच्या पोराला अजून कळलेलं नाही.

पुढे तो शाळा पास झाला, तेव्हा त्याच्या आईने दप्तर बाहेर लावलं नाही. आपल्या घरावर झेंडा दिसला तर लोक काय म्हणतील, ही भीती. आणि येरून पास झाला, तेव्हा खेरिटनेही लावलं नाही. अभिमान नव्हता म्हणून नाही. त्या दिवशी दुकानात जाऊन त्याने झेंडा विकतही घेतला होता, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आणला आणि परत देऊन आला. हे येरूनला नीट सांग. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवू नकोस.

या जानेवारीत तुमच्या सरकारने, त्या काळात ज्यांच्यावर फितुरीचा संशय होता अशा लाखो माणसांची नावं इंटरनेटवर टाकली. वडिलांचं नाव त्यात आहे. मार्चमध्ये तो आपल्या पायरीवर आला आणि समोर तोच झेंडा. त्याला वाटलं, या लोकांनी मला शोधून काढलं. मुलगी द्यायच्या आधी मला माझ्या बापाचं निशाण दाखवताहेत. आणि त्याला वाटलं की त्यांचं बरोबरच आहे.

जूनमध्ये मी गेलो तेव्हा त्याने दार उघडून पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला कोणी सांगितलं?" मला काही कळेना. मी त्याला केशरी रंग समुद्रावरच्या उन्हात कसा टिकत नाही, ते समजावायला लागलो. रंगद्रव्यं, मीठ, ऊन, सगळं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही तो आनंदाने लावला होता?" मी म्हटलं, हो, तुम्ही येणार म्हणून. तेव्हा तो खुर्चीत बसला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. "मीही," म्हणाला. "मीही आनंदानेच लावला होता." त्याने हे ऐंशी वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, बेटा. ज्याने तीच चूक केली, असा माणूस त्याला भेटला नव्हता.

लग्नाला तो येणार नव्हता, त्याचं कारण माझ्यावरचा राग नव्हे. आपण कोणत्या घरात येतो आहोत हे त्या मुलीला माहीत नाही, तोवर मी तिच्या पंगतीला बसणार नाही, एवढंच तो म्हणत होता. आता तुला माहीत आहे. काय ते तू ठरव. मी काही सुचवणार नाही. हे लिहिताना मला किती त्रास होतो आहे, ते तुझ्या आईला विचार.

तुझ्या आईने मार्चमधला तो झेंडा स्लाऊलाच उसवला. केशरी पट्टी काढली, लाल लावली. बारीक टाका, मशीनवर नाही, हाताने. केशरी पट्टी तिने सोबत आणली होती. खेरिटने विचारलं, तुमच्या ध्वजात या रंगाचा अर्थ काय? तिने तिच्या इंग्रजीत सांगितलं, "विझ्डम. नॉट फॉर हिम," आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने ती पट्टी हातात घेतली, गुडघ्यावर पसरून बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि घडी करून परत दिली. ती तिने पिशवीत ठेवली. एप्रिलला जयंतीला लागेल.

आज दुपारी आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी त्याच्या भिंतीला खोबण बसवली. भोक मी पाडलं, शिडी त्याने धरली. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघत उभी राहिली. खेरिटने शेवटपर्यंत शिडी सोडली नाही.

झेंडा सूर्योदयाला लावायचा असतो. उद्या सकाळी तो लागेल. काठीला दप्तर असेल, ते ओळखशील. नागपूरहून येताना तुझ्या पाठीवर होतं ते निळं, बर्डीच्या बाजारात घेतलेलं, बंद तुटला म्हणून तू स्लाऊच्या शाळेत न्यायला लाजत होतीस. तू परीक्षा पास झालीस ना? रीत आहे.

लाल वर ना, असं खेरिटने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस, माझ्या बायकोला विचार. ती आतून ओरडली, "लाल वर!"

मग तो अंगणात त्या रिकाम्या खोबणीकडे बघत उभा राहिला. झेंडा लावला की लोक दाराशी येतात, एवढंच त्याला आठवतं. मला म्हणाला, "उद्या कोण येईल?"

मी म्हटलं, निधी येईल.

ये, बेटा.

तुझा,
बाबा